दारफळणीचा सण : बेने इस्राएलांच्या प्रायश्चित्तदिनाचा इतिहास

हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या दशमीस, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी येणारा योम किप्पूर हा ज्यू धर्मातील सर्वांत पवित्र दिवस मानला जातो. कोकणच्या किनारपट्टीत शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने हाच दिवस ‘दारफळणीचा सण’ म्हणून पाळला. दारे लावून घेऊन, अन्नपाणी वर्ज्य करून, पांढरी वस्त्रे नेसून घरातच बसण्याचा हा सण होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या समाजाजवळ प्रार्थनामंदिर नव्हते, तोराची हस्तलिखित गुंडाळी नव्हती आणि हिब्रू पोथी वाचून अर्थ सांगणारा आचार्यही नव्हता, तरीही वर्षातील हा एक दिवस त्यांच्या हातून सुटला नाही. ज्या विधीला देऊळ लागते तो देवळाबरोबर जातो, ज्याला पोथी लागते तो पोथीबरोबर हरवतो. या विधीला मात्र एक घर, घरातली माणसे आणि चंद्राच्या तिथीचे भान एवढेच पुरत होते, आणि त्याच्या टिकून राहण्याचे मुख्य कारण येथेच शोधावे लागते.

योम किप्पूरचा मूळ आधार तोरामधील, म्हणजे मोशेच्या नावे असलेल्या पाच ग्रंथांपैकी लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या व तेविसाव्या अध्यायांत आहे. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा महायाजक वर्षातून याच दिवशी साधी पांढरी तागाची वस्त्रे नेसून मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात प्रवेश करी, आणि दोन बोकडांपैकी एकाचा बळी देऊन दुसऱ्याच्या मस्तकी साऱ्या लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडून दिले जाई. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केल्यावर बळींची परंपरा थांबली आणि उपवास, प्रार्थना व पश्चात्ताप ही त्या दिवसाची तीन अंगे उरली. सूर्यास्ताच्या थोडे आधी सुरू होणारा हा उपवास दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे पंचवीस तास चालतो. खाणेपिणे, स्नान, अंगाला तेल अथवा सुगंधी द्रव्ये लावणे, चामड्याची पादत्राणे घालणे आणि स्त्रीपुरुष-संग या पाच गोष्टी त्या काळात वर्ज्य असतात, मात्र आजारी माणसाच्या जिवाला धोका असेल तर त्याने उपवास सोडलाच पाहिजे असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. पादत्राणे वर्ज्य करण्याचा नियम मराठी वाचकाला परका वाटू नये. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपाशी फाल्गुन अमावास्येला त्यांची पुण्यतिथी पाळली जाते, आणि त्याआधीचा महिनाभर अनेक जण गोडधोड, पायताण किंवा आवडीची एखादी वस्तू सोडून व्रतस्थ राहतात. तेथील त्याग शोक व आदर यांतून येतो आणि योम किप्पूरचा त्याग स्वतःच्या अपराधांच्या जाणिवेतून येतो, पण देहाला थोडे कमी देऊन मन जागे ठेवण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच ओळखीची आहे.

या उपवासामागचा नैतिक विचार मात्र स्वतंत्रपणे लक्षात घेण्याजोगा आहे. मिश्ना म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला ज्यू धर्मशास्त्राचा मूळ संग्रह. त्यातील ‘योमा’ या प्रकरणात असे सांगितले आहे की देव आणि माणूस यांच्यातील अपराधांचे प्रायश्चित्त या दिवसाने घडते, परंतु माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाचे प्रायश्चित्त, ज्याचा अपराध केला त्याचे समाधान केल्याशिवाय घडत नाही. त्यामुळे नववर्षाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे रोश हशानापासून, किप्पूरपर्यंतचे दहा दिवस हे आप्तेष्टांकडे व शेजाऱ्यांकडे जाऊन क्षमा मागण्याचे, देणी चुकती करण्याचे आणि मोडलेले संबंध जोडण्याचे दिवस ठरतात. उपवास हा त्या साऱ्या हिशेबाचा शेवटचा टप्पा आहे, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे कठोरपण नीट समजत नाही.

बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलची लेकरे’, हे नाव धारण करणाऱ्या या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी जलमार्गाने येत असता अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते नवगाव येथे पुरण्यात आली. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर तारखेनिशी सिद्ध करता येत नाही, परंतु त्या वाचलेल्या माणसांजवळ एकही ग्रंथ उरला नव्हता असे जे ती सांगते, ते पुढील सर्व इतिहासाशी जुळणारे आहे. कोकणात स्थिरावल्यावर या लोकांनी प्रामुख्याने तेल गाळण्याचा धंदा धरला. आठवड्यातील शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असल्याने त्या दिवशी त्यांचा घाणा बंद राही, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली, आणि पेणकर, नवगावकर, चेऊलकर, केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी धारण केली. मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती, अन्नातील विधिनिषेध आणि ‘शेमा’, म्हणजे देव एकच आहे अशी ग्वाही देणारे हिब्रू वचन, एवढा वारसा त्यांच्याजवळ होता. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात या लोकांचा जो उल्लेख आढळतो, त्यातही ते स्वतःस ज्यू न म्हणता बेने इस्राएल म्हणवतात, त्यांच्याजवळ बायबल नाही आणि शेमापलीकडे हिब्रू त्यांना येत नाही, असेच वर्णन आहे. जन्म, विवाह, मृत्यू, नवस अशा प्रत्येक प्रसंगी ते हेच एक वचन म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवशीही त्यांच्या ओठी दुसरे शास्त्रवचन असणे शक्य नव्हते.

या समाजाच्या सणांची सर्वांत तपशीलवार नोंद हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी केली. मुंबईत १८७५ मध्ये समाजाची शाळा उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या या गृहस्थांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने, १९३७ मध्ये, तेल अवीव येथून छापला गेला. मुंबई सरकारच्या कुलाबा (१८८३) व पुणे (१८८५) जिल्ह्यांच्या गॅझेटियरांमध्येही समाजाची स्वतंत्र वर्णने आहेत. या लेखनावरून जे वार्षिक चक्र उभे राहते, त्यात तिश्रीच्या प्रतिपदेला ‘नव्याचा सण’ येतो, त्यानंतर नारळाच्या रसात नवे धान्य शिजवून करण्याचा ‘खिरीचा सण’ येतो, दशमीला ‘दारफळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘शिळा सण’. वसंतात होळीच्या सुमारास एस्तेर राणीच्या स्मरणार्थ येणाऱ्या पुरीमला हे लोक ‘होळीचा सण’च म्हणत, आणि जेरुसलेमच्या विनाशाच्या शोकदिनी मांसाहार टाळून मोड आलेल्या वालांचे बिरडे खात असल्यामुळे तो दिवस ‘बिरड्याचा सण’ झाला. ‘रमजान’, ‘नव्याचा रोजा’, ‘सबबी रोजा’ अशी हिंदुस्तानी वळणाची नावे असलेले उपवासही पाळले जात. मराठी नावांचे सण जुने आणि हे मिश्र नावांचे उपवास नंतरच्या धार्मिक पुनरुज्जीवनात आलेले, असे समाजातील अभ्यासकांनी मानले आहे. हे अनुमान ग्राह्य धरले, तर दारफळणी ही जुन्या थरात मोडते.

त्या दिवसाचे घरगुती रूप परंपरेत असे सांगितले आहे. नवमीच्या दिवशी घरातील मंडळी आधी ऊन पाण्याने आणि मग थंड पाण्याने स्नान करीत, दिवस मावळण्यापूर्वीच जेवण आटोपून घेत, पांढरे स्वच्छ कपडे घालीत आणि दार लावून घेत. तेथून पुढे दशमीचा दिवस मावळेपर्यंत घरातून कोणी बाहेर पडत नसे, बाहेरचा माणूस आत येत नसे, आणि परजातीच्या माणसाशी बोलणे व स्पर्श दोन्ही टाळले जाई. घाणा बंद, चूल थंड, देवघेव नाही. पितरांचे आत्मे या काळात घरी येतात आणि दशमी उलटल्यावर परत जातात, अशीही समजूत होती, त्यामुळे बंद दाराआडच्या त्या घरात जिवंत माणसांबरोबर गेलेली पिढीही बसलेली आहे असा भाव असे. एकादशीला दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म केला जाई, नातलग आणि स्नेही एकमेकांच्या घरी जात. हा शिळा सण.

पितरांविषयीची ही समजूत ज्यू शास्त्रग्रंथांत या रूपात सापडत नाही, म्हणून ती हिंदू शेजाराचा परिणाम आहे असे म्हणणे सोपे आहे, आणि बव्हंशी ते बरोबरही असावे. पण त्या परिणामाची वाट पंचांगातून गेली असावी, याकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. हिब्रू पंचांग आणि महाराष्ट्रातील शालिवाहन पंचांग ही दोन्ही चांद्रसौर आहेत, म्हणजे त्यांचे महिने अमावास्येपासून मोजले जातात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून दोघांतही मधून मधून अधिक महिना घालावा लागतो. त्यामुळे तिश्रीची प्रतिपदा ज्या वर्षी आश्विन शुद्ध प्रतिपदेशी जुळते, त्या वर्षी भाद्रपदातील पितृपंधरवडा सर्वपित्री अमावास्येला संपतो आणि त्याच चंद्रदर्शनाबरोबर एका घरी घटस्थापना, तर दुसऱ्या घरी नव्याचा सण सुरू होतो. दहाव्या दिवशी एकीकडे दसरा उजाडतो आणि दुसरीकडे दारफळणी. हा योग कधीमधी येणारा नाही. २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला दसरा व योम किप्पूर एकाच दिवशी आले. २०२३ मध्ये श्रावण अधिक असल्यामुळे किप्पूर २५ सप्टेंबरला, भाद्रपद शुद्ध दशमीस पडला आणि दसरा त्यानंतर महिन्याने आला. कोकणातील एखाद्या गावाचे चित्र यावरून डोळ्यांसमोर येऊ शकते : साऱ्या गावाने शस्त्रे व अवजारे पुजून, सीमोल्लंघन करून, आपट्याची पाने घेऊन घरोघर जावयाचे, तर त्याच संध्याकाळी शनवार तेल्याच्या घराचे दार लावलेले असावयाचे. सणाच्या दिवशी शेजाऱ्याकडे न जाणे ही गावगाड्यात साधी गोष्ट नव्हती, आणि तरीही या घरांचे तसे वागणे गावाने पिढ्यान्‌पिढ्या चालू दिले, हे बेने इस्राएलांच्या निष्ठेइतकेच शेजाऱ्यांच्या समजूतदारपणाचेही द्योतक आहे. या भूमीवर आपला कधी छळ झाला नाही, असे हा समाज आजही अभिमानाने सांगतो. त्या विधानाला दारफळणीसारख्या सणाचा पुरावा जोडला पाहिजे.

दार लावून घेण्याचे कारण काय, याविषयी निरनिराळी मते संभवतात. किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेत स्वर्गाची द्वारे मिटण्याची कल्पना आहे, तिचा हा धूसर अवशेष असावा असे म्हणण्याचा मोह होतो, पण ज्यांना ती प्रार्थनाच उपलब्ध नव्हती त्यांच्या बाबतीत हे अनुमान फार ताणलेले वाटते. अधिक सरळ स्पष्टीकरण त्या समाजाच्या राहणीत आहे. दहा प्रौढ पुरुषांचा गट जमल्याशिवाय ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थना पूर्ण होत नाही; या गटाला मिन्यान म्हणतात. कोकणातील खेड्यांत बेने इस्राएलांची वस्ती विरळ, कोठे दोन घरे तर कोठे पाच, त्यामुळे पवित्र दिवसाचे पावित्र्य सांभाळण्याचे एकमेव क्षेत्र म्हणजे घर. शिवाय जातिव्यवस्थेत वावरताना शुद्धी म्हणजे सोवळे, आणि सोवळे म्हणजे स्पर्श टाळणे, ही भाषा सर्वांना कळत होती. लेवीय ग्रंथातील सर्व व्यवहार थांबवून स्वतःस क्लेश देण्याची आज्ञा या लोकांनी जणू गावाला समजेल अशा आचारात उतरवली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या बंद घरांकडे बाहेरून ज्ञान येऊ लागले. समाजाच्या आठवणीत दावीद राहाबी हे नाव फार मानाचे आहे. या ज्यू आचार्याने मासे निवडून शिजवावयास सांगितले असता स्त्रियांनी पंख व खवले असलेलेच मासे निवडले, तेव्हा हे लोक इस्राएलवंशीय असल्याची त्याची खात्री पटली, आणि त्याने तिघांना शिकवून काझी नेमले, अशी कथा आहे. परंपरा त्याला कित्येक शतके मागे नेते, तर अनेक संशोधक कोचीनच्या राहाबी घराण्यातील अठराव्या शतकातील डेव्हिड राहाबीशी त्याचा संबंध जोडतात. याहून निश्चित पाऊल पडले ते १७९६ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांना मराठीत समाजी हसाजी दिवेकर म्हणत, हे दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. तेथून सुटल्यास देवाचे घर बांधीन असा नवस त्यांनी केला होता असे सांगतात. त्यांनी मुंबईच्या मांडवी भागात ‘शआर हाराहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले, आणि त्यासाठी तोराची गुंडाळी आणावयास ते कोचीनला गेले असता १७९७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्या परिसरात प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत.

प्रार्थनामंदिर आले म्हणून पोथी कळू लागली असे नव्हे. १८२६ पासून कोचीनचे ज्यू शिक्षक मुंबई व कोकणात येऊ लागले. त्यांपैकी शलोमो सालेम शुर्राबी यांनी १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत हिब्रू वाचन आणि प्रार्थनांचे सूर समाजाला शिकवले. याच काळात ख्रिस्ती मिशनरीही या लोकांमध्ये शाळा चालवीत होते. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. धर्मांतराचा त्यांचा हेतू जवळजवळ निष्फळ ठरला, पण त्यांनी दिलेल्या हिब्रूच्या ज्ञानाने बेने इस्राएल अधिक पक्के ज्यू झाले. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात इतका अनपेक्षित परिणाम क्वचितच सापडेल. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ हिब्रू व मराठी मजकुरासह शिळाप्रेसवर निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्यातही तिची मराठी आवृत्ती छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रूतील नित्य व नैमित्तिक प्रार्थना मोठ्या प्रमाणावर मराठीत आणल्या. मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक असलेल्या या विद्वानाचे ऋण मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून सहसा नोंदले जात नाही, ही खेदाची बाब आहे, कारण पश्चात्तापाच्या ज्या प्रार्थना बेने इस्राएलांच्या आज्या-पणज्यांना माहीत नव्हत्या त्या या लोकांना आपल्या मातृभाषेत समजून म्हणता येऊ लागल्या, त्या अशाच भाषांतरकारांमुळे.

यानंतर किप्पूरचे केंद्र घरातून प्रार्थनामंदिरात सरकले. रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३), ठाणे (१८७९) अशी एकामागून एक प्रार्थनामंदिरे उभी राहिली, आणि ज्या दिवशी दार उघडायचे नाही त्याच दिवशी सारा समाज पांढऱ्या वस्त्रांत एका छताखाली जमू लागला. नवमीच्या संध्याकाळी ‘कोल निद्रे’ या घोषणेने दिवसाला आरंभ होतो; देवाला दिलेली आणि पाळता न आलेली वचने तीत रद्द ठरवली जातात, माणसाला दिलेली वचने मात्र तशीच राहतात. इतर दिवशी तीन वेळा होणारी प्रार्थना या दिवशी पाच वेळा होते. दुपारच्या प्रार्थनेत योना या संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला जातो, ज्यात निनवे या परक्या शहरातील लोकांनी उपवास करून पश्चात्ताप केल्यावर देवाने त्यांना क्षमा केली असे वृत्त आहे. आणि दिवस बुडताना ‘नेइला’ ही शेवटची प्रार्थना होऊन शोफार, म्हणजे मेंढ्याचे पोकळ शिंग, फुंकले जाते. शोफारचा तो एक लांब स्वर हीच उपवास संपल्याची खूण. हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, आणि त्याबरोबर मुकादम, चौगुले, काझी अशी अस्सल देशी पदनामे धारण करणारे समाजाचे कारभारी यांच्या देखरेखीखाली हा सारा विधी चाले.

पुण्यात हा समाज आला तो मुख्यतः लष्कर आणि सरकारी नोकरीच्या वाटेने. मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींत बेने इस्राएल शिपाई व अधिकारी अठराव्या शतकापासून होते, आणि समाजी, हसाजी, इसाजी अशा त्यांच्या नावांमुळे हजेरीपटांत ते चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. शिरूर हे तेव्हा इंग्रजी छावणीचे ठिकाण होते. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री तेथून निघालेली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची पलटण दुसऱ्या दिवशी वढू बुद्रुकपासून अगदी जवळ असलेल्या कोरेगाव भीमा येथे लढली. तेथील स्तंभावरच्या नावांत एखाददुसरे नाव बेने इस्राएल शिपायाचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. छावणीत राहणाऱ्या अशा शिपायाला ना कोकणातले बंद घर लाभत होते, ना मिन्यान; पुढे पुण्यासारख्या ठिकाणी समाज एकत्र येण्यामागे ही उणीव नक्कीच होती. पुण्याच्या लष्कर भागात बगदादी व्यापारी डेव्हिड ससून यांनी १८६३ मध्ये ‘ओहेल दावीद’ हे भव्य गॉथिक वळणाचे प्रार्थनामंदिर बांधावयास घेतले. तांबड्या विटांमुळे पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात, आणि १८६४ मध्ये निवर्तलेल्या ससून यांची कबर त्याच आवारात आहे. बेने इस्राएलांनी आपले स्वतःचे ‘सुक्कथ शलोमो’ हे लहानसे प्रार्थनामंदिर १९२१ मध्ये रास्ता पेठेत उभारले. लाल देवळाचे शिखर दुरून दिसते, रास्ता पेठेतील मंदिर शोधावे लागते. परंतु मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या किप्पूरचा इतिहास लिहिताना दुसऱ्याचे महत्त्व तिळभरही कमी नाही.

जुन्या घरगुती रूपातील सर्वच गोष्टी प्रार्थनामंदिराने पुसल्या नाहीत, आणि जे टिकले ते बहुतेक स्वयंपाकघरात टिकले. नव्या वर्षासाठी आजही चिकाचा हलवा केला जातो. गहू भिजत घालून, वाटून, त्यांचा दाट पांढरा चीक काढावयाचा, त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून तो मंद आचेवर, हात भरून येईपर्यंत घोटावयाचा, आणि कडेने सुटू लागला की तूप न वापरता ताटात थापून वड्या पाडावयाच्या. मांस व दूध एकत्र न करण्याच्या नियमामुळे या समाजाच्या पाककलेत नारळाच्या दुधाला जे स्थान मिळाले, त्याचे हे उत्तम उदाहरण. द्राक्षांच्या मद्याऐवजी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले शरबत आशीर्वादासाठी वापरण्याची पद्धतही अशीच जुनी, आणि किप्पूरचा उपवास सोडताना रवा-खोबऱ्याचे गोड सारण भरलेल्या पुऱ्या अनेक घरांत होतात. स्त्रियांनी जपलेल्या या परंपरेला धर्मशास्त्राच्या ग्रंथांत फारशी जागा नाही, पण कोचीनचे शिक्षक येण्यापूर्वीची कित्येक शतके तिथीचे भान, उपवासाची तयारी आणि मुलांना दिलेली समज ही कामे घरातील वडीलधाऱ्या बायांनीच केली असणार, हे उघड आहे. पितर घरी येण्याची समजूत मात्र छापील पोथीपुढे मागे पडत गेली, आणि शिळ्या सणाचे स्वतंत्र अस्तित्वही क्षीण झाले. हा बदल शास्त्रशुद्धतेच्या दृष्टीने लाभाचा मानला गेला; तरी परक्या मुलखात ज्या आचारांनी उपवास जिवंत ठेवला त्यांनाच ‘अज्ञान’ म्हणून बाजूस सारणे हा त्या पूर्वजांवर अन्याय आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने तिकडे गेली आणि दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद यांसारख्या शहरांत वसली. तेथे त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली गेली, विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश १९६२ मध्ये धर्मपीठाने काढले, आणि समाजाने केलेल्या दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना समान मान्यता मिळाली. ज्यांनी पोथीशिवाय, मंदिराशिवाय, दार लावून शतकानुशतके प्रायश्चित्ताचा दिवस पाळला त्यांच्याकडे धर्मनिष्ठेचा पुरावा मागितला जावा, ही त्या इतिहासातील सर्वांत वेदनादायी बाब म्हणावी लागेल. इस्राएलमध्ये गेलेल्या पिढीने मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ हे नियतकालिक तेथून निघत आले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये राज्यातील ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड मिळून हा समाज काही हजारांपुरताच उरला आहे, आणि रायगडातील लहान गावांच्या प्रार्थनामंदिरांत दहा पुरुषांचा मिन्यान जमवणे कठीण झाले आहे.

दारफळणी आणि शिळा सण ही नावे आता नव्या पिढीच्या बोलण्यात क्वचित येतात. तिच्यासाठी तो दिवस ‘किप्पूर’च आहे. पुणे, ठाणे, पनवेल, पेण आणि अलिबाग येथील ज्या घरांत आजी-आजोबांकडून ऐकलेल्या या दिवसाच्या आठवणी अजून शिल्लक आहेत, त्या तेथील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी वेळीच लिहून घ्याव्यात, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी-हिब्रू प्रार्थनापुस्तकांच्या ज्या प्रती कुटुंबांच्या कपाटांत जीर्ण होत आहेत, त्यांची छायाप्रत करून ठेवण्याचे काम राज्यातील ग्रंथालयांनी हाती घ्यावे.